मित्राच्या वाट्याची वाक्यं

‘इंदूरचं पत्र आलंय,’ दार उघडता उघडता तान्हीबाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, ‘दोनदा वाचून घेतलं माझ्याकडनं. माझं वाचन तुमाला ठावं हाय. अक्षराला अक्षर लावंस्तवर तिकडं भाजी लागली.’

‘काय लिहिलंय?’

‘लेक येतीया ऐतवारी. न्यायला.’

माझी एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी मी उंबऱ्याशी उभी राहिले. तान्हीबाईंनी माझ्याकडं नीट पाहून घेतलं. सात वर्षं त्या आठल्ये सरांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होत्या, आणि कुणाच्या तोंडावर काय उमटतं ते त्यांना लगेच कळायचं. पण त्या एवढंच म्हणाल्या, ‘चहा टाकते. आत जावा.’

सर खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसले होते, रस्त्याकडं तोंड करून. रस्ता त्यांना दिसत नसे. काचबिंदूनं उजवा डोळा पुरता गेला होता, डाव्यानं उजेड आणि अंधार तेवढा कळे.

‘चपला काढायला आज वेळ लागला, वत्सलाबाई.’

‘हो, सर.’

‘तान्हीबाईंनी बातमीपत्र दिलं वाटतं.’

‘रविवारी ताई येणार म्हणाल्या.’

‘यायचं तिनं ठरवलंय. जायचं मी अजून ठरवलेलं नाही. शुक्रवारी सकाळी तिचा फोन येईल, खाली सायकलवाल्याकडं. हो की नाही, ते तेव्हा सांगायचं.’ त्यांनी पत्र चाचपून त्याची घडी केली आणि ते खिशात ठेवलं. ‘तुमचं काय म्हणणं?’

‘माझं कसलं म्हणणं, सर? ताईंना काळजी वाटत असेल. तुम्ही जिन्यात पडलात तेव्हापासून.’

‘म्हणजे जावं.’

‘असं मी कुठं म्हटलं?’

‘मग राहावं.’

‘तसंही नाही, सर.’

सर हसले. ‘सॉक्रेटिसला तुमच्यासारखा उत्तर देणारा कुणी भेटला नाही, हे त्याचं नशीब. विष पिण्याआधीच टेकीला आला असता.’

मी तेव्हा छत्तीस वर्षांची. कऱ्हाडात वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीत बसत असे, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. आई गेल्यापासून घरात मी एकटीच. भात एका वाटीचा, दोरीवर एकीचेच कपडे, आणि दिवसभरात लोक माझ्याशी बोलत ते पुस्तकाच्या नावापुरतं. रडगाणं म्हणून हे सांगत नाही. देवानं घाटावरचं देऊळ हाकेच्या अंतरावर दिलं होतं आणि देवळात कीर्तन असे. कीर्तन म्हटलं की मी जेवण विसरे. बुवांनी उपरणं सावरून चिपळ्या उचलल्या की अंगातला शीण उतरून जाई. आपण एकटे आहोत हे मग दोन तास ध्यानातच येत नसे.

सर पहिल्यांदा वाचनालयात आले ते त्याच्या पाच वर्षं आधी, काठी टेकत. कोणतं पुस्तक हवंय, असं मी विचारलं.

‘पुस्तक घरी आहे. वाचणारा हवाय. तुमच्याकडं मिळतो का?’

कॉलेजात अठ्ठावीस वर्षं त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं होतं. पत्नी गेल्यानंतर त्यांनी सॉक्रेटिसचे संवाद मराठीत उतरवायला घेतले. कुणी छापावेत म्हणून नव्हे. संध्याकाळ मोठी असते म्हणून, असं ते सांगत. कापडी पुठ्ठ्याच्या अकरा वह्या भरल्या. शेवटची भरत आली आणि नजर गेली. सॉक्रेटिसची भाषणं त्यांना तोंडपाठ होती. पण समोरच्या माणसाची वाक्यं कोण पाठ करतं? ‘होय’, ‘तसंच’, ‘ते कसं काय?’, ‘पुढं सांग.’ ती वाचायला कुणीतरी हवं होतं. मंगळवारी आणि गुरुवारी चार वाजता मी जाऊ लागले. सर सॉक्रेटिस म्हणत आणि मी समोरचा.

मला ते सोपं गेलं. कीर्तनात बुवांच्या मागं झील धरणारे असतात ना, तसंच ते काम. बुवांनी पद टाकलं की मागच्यांनी उचलायचं. त्यात आपलं काही नसतं, आणि तरी आपल्यावाचून पद उभं राहत नाही. पहिल्या दिवशी मी वही उघडायच्या आधी कपाळाला लावली. सरांना दिसलं नाही, पण कागदाची सळसळ थांबली एवढ्यावरून त्यांनी ओळखलं.

‘वही आहे ती. पोथी नव्हे.’

‘तुम्हीच म्हणालात ना, त्यांनी स्वतः एक अक्षर लिहिलं नाही, सगळं शिष्यानं लिहून ठेवलं म्हणून. आमच्या संतांचंही तसंच.’

‘हं. मग मला सांगा, लिहून ठेवलेलं सगळं त्याचंच, की शिष्यानं आपल्या पदरचं घातलं असेल?’

‘शिष्य आपल्या पदरचं कशाला घालील?’

‘प्रेमानं,’ सर म्हणाले.

याच प्रश्नावर त्यांनी निम्मं आयुष्य घालवलं होतं. एखाद्या वाक्यापाशी ते थांबत, मान तिरकी करत आणि म्हणत, ‘हे म्हाताऱ्याचं नव्हे. हे पोराचं आहे. म्हातारा इतकं सुबक बोलला नसता.’ कधी म्हणत, ‘या सगळ्यात खरा कोण आहे माहीत आहे? तो उत्तर देणारा. त्याच्याकडं कुणी बघत नाही, म्हणून त्याला कुणी नटवलेलं नाही.’ असं काही बोलले की ते माझ्याकडून थोडा वेळ कशाची तरी वाट बघत. मी पान उलटत असे.

कीर्तनावरून त्यांचं माझं नेहमीचं भांडण. भांडण म्हणजे ते चिडवत आणि मी ऐकून घेई.

‘तुमच्या बुवांना मध्येच कुणी अडवलं तर?’

‘कोण अडवील, सर?’

‘तेच म्हणतो मी. हजार माणसं बसतात आणि एकालाही शंका येत नाही.’

‘शंका बुवाच काढतात, उत्तरही तेच देतात.’

‘माझा सॉक्रेटिसही पुष्कळदा तेच करतो,’ सर म्हणाले. ‘लबाड आहेत दोघं.’

त्या मंगळवारी आम्ही तुरुंगातला संवाद काढला. सरांनीच सांगितला, सातव्या वहीतला. सॉक्रेटिसला मरणाची शिक्षा झालेली आहे. उजाडायच्या आधी एक जुना मित्र त्याच्याकडं येतो. सगळी तजवीज झालीय, पहारेकरी आपला आहे, परगावी आसरा आहे, ऊठ आणि निघ, असं विनवतो. सॉक्रेटिस उठत नाही. त्या मित्राला एक एक प्रश्न विचारत जातो आणि आपण इथंच का राहायचं ते त्याच्याच तोंडून वदवून घेतो. शेवटी मित्राचं बोलणंच संपतं.

‘मलाही पळवून न्यायला इंदूरहून माणसं येताहेत,’ सर म्हणाले. ‘बघू या म्हातारा काय सल्ला देतो.’

अर्धा संवाद त्या दिवशी झाला. उरलेला गुरुवारवर ठेवला.

वाचनालयात परत आले, खिडकी उघडली, पुस्तकांवर तारखा मारू लागले. कुणाला काय दिलं ते काही आठवत नाही. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. हे इतकं सरळ होतं की त्याची मला लाज वाटत होती. सत्तरी ओलांडलेला, डोळे गेलेला माणूस. लेक मायेनं बोलावतेय, तिथं डॉक्टर आहे, नातवंडं आहेत. त्याला इथं दोन खोल्यांत आणि एका अवघड जिन्यावर अडकवून ठेवणारी मी कोण? ना नात्याची ना गोत्याची. त्यांच्या वहीतलं ‘होय’ म्हणायला येणारी बाई.

बुधवारी संध्याकाळी सुट्टी टाकून मी देवळात गेले. कीर्तनाचा सप्ताह चालू होता आणि करंबेळकर बुवा होते. उत्तररंगाला त्यांनी कृष्णानं गोकुळ सोडलं ते आख्यान लावलं. बुवांचा आवाज भरदार, पण तो प्रसंग आला की ते आवाज अगदी खाली आणत, इतका की माणसं आपोआप पुढं सरकत. रथ जुंपलाय, घोडे पाय आपटताहेत, आणि गोपी धावत येऊन चाकांपुढं आडव्या पडल्यात. बुवा थांबले. पेटी थांबली. बुवांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, ‘थांबला का रथ?’

कुणी बोललं नाही. कीर्तनात बोलायचं नसतं.

‘नाही थांबला,’ बुवा म्हणाले. ‘ज्याला जायचंय त्याचं जाणं सोपं करून द्यावं, बायांनो. भक्तीची ती शेवटची पायरी आहे.’

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बुवांनी ते मलाच सांगितलं, देवानंच त्यांच्या तोंडून सांगितलं, असं वाटलं. बुक्का लावून घेतला, आरती घेतली आणि हलक्या पावलांनी घरी आले. माझं ठरलं होतं. सरांचं जाणं मी सोपं करून देणार होते.

गुरुवारी ऊन मी म्हणत होतं. तान्हीबाईंनी खिडकीला ओला पंचा लावला होता आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

‘काल रडलात,’ मी बसल्याबरोबर सर म्हणाले.

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘आवाजावरून. काय लावलं होतं बुवांनी?’

मी आख्यान सांगितलं. बुवांचा तो प्रश्नही सांगितला आणि शेवटच्या पायरीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सर मान तिरकी करून ऐकत होते, संशयास्पद वाक्य आलं की ऐकत तसे.

‘आणि गोपी?’

‘त्या रडल्या.’

‘त्याआधी काय केलं म्हणालात?’

‘चाकापुढं आडव्या पडल्या.’

‘रथ थांबणार नाही हे त्यांना ठाऊक असेल?’

‘असेल, सर.’

‘तरी पडल्या.’

‘हो.’

‘का?’

मी विचार केला. ‘ते बुवांनी नाही सांगितलं.’

‘बुवांचं राहू द्या. मी तुम्हाला विचारतोय.’

‘मला कुठलं कळायला, सर.’

तान्हीबाईंचं सूप एकदा जोरात आपटलं. सर खुर्चीत सावरून बसत म्हणाले, ‘आज आपण जागा बदलू. सॉक्रेटिस तुम्ही वाचा. मित्राचं काम मी करतो.’

‘मी?’

‘वही तुमच्या हातात आहे. त्याची वाक्यं लांब आहेत, पण तेव्हा माझं अक्षर चांगलं होतं. त्यानं थांबायचं का, ते तुम्ही मला सांगा. मी निघा म्हणत राहतो. बघू या मला पटतं का.’

‘ती जागा तुमची आहे, सर.’

‘कसली जागा?’

‘कीर्तनात बुवा उभे राहतात ती नारदाची गादी असते. श्रोत्यानं कितीही कीर्तनं ऐकली तरी तिच्यावर पाय ठेवायचा नसतो. लहान असताना मी खेळत खेळत एकदा तिथं उभी राहिले, तर आईनं सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातला होता. एरवी तिनं मला कधी हात लावला नाही.’

‘ही नारदाची गादी नव्हे, बाई. वेताची खुर्ची आहे, आणि तिचा एक पाय हलतो.’

‘तरी नको.’

‘का नको?’

‘माझ्या तोंडून ते खरं वाटणार नाही.’

‘कुणाला?’

‘कुणालाच.’

‘वाचा की वो बाई,’ तान्हीबाई तिकडून म्हणाल्या. ‘म्हातारं माणूस इतकं म्हणतंय तर.’

मी हातातली वही पुढं करून मान हलवली. सरांना मान दिसत नव्हती हेही मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मनातून बरं वाटत होतं. आपण आपली पायरी ओळखली, शहाण्या श्रोत्यानं राहावं तसं राहिलो, असं वाटत होतं. सर दमले असतील, पाठांतर आज साथ देत नसेल, म्हणून ते असं म्हणताहेत, असा मी अर्थ लावला. म्हटलं, ‘सर, अडलात तर मी शब्द सुचवीन. पण म्हणायचं तुम्हीच.’

‘बरं,’ सर म्हणाले.

आणि त्यांनी म्हटलं. कुठंही अडले नाहीत. पाच वर्षांत इतकं सुंदर मी ऐकलं नव्हतं. ज्या गावात माणूस वाढला, ज्या गावानं त्याला माणूस केलं, त्याच्याशी त्याचं काय नातं, ते सगळं अगदी संथपणे, जणू आत्ताच सुचतंय असं ते सांगत गेले. माझ्या वाट्याची वाक्यं येत होती. ‘होय.’ ‘तसंच.’ ‘खरं आहे.’ मी ती म्हणत होते. डोळे भरून येत होते, पण आवाज मी हलू दिला नाही. त्यांना ओझं वाटेल असं काही माझ्या आवाजात असू नये, एवढीच काळजी घेत होते.

शेवटचं पान आलं. सॉक्रेटिसचं सांगून झालं, आणि तो मित्राला म्हणतो, तुझं काही म्हणणं असेल तर बोल. सर तिथपर्यंत आले आणि खिडकीकडचं तोंड वळवून माझ्याकडं करून बसले. असं ते कधी करत नसत.

‘काही म्हणायचंय का, वत्सलाबाई?’

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. तान्हीबाईंनी तांदूळ निवडायचं थांबवलं होतं. माझं बोट वहीतल्या ओळीवर होतं. मित्रापाशी बोलायला काही नाही, अशा अर्थाची चार शब्दांची ती ओळ. ती मी स्पष्ट वाचली.

सर थांबले होते. अजून काही येईल अशी वाट बघावी तसे.

‘हेच?’ त्यांनी विचारलं.

‘वहीत एवढंच आहे, सर.’

‘वहीत एवढंच आहे,’ ते म्हणाले. ‘बरं. मिटा वही.’

शनिवारी सकाळी तान्हीबाई वाचनालयाच्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. कधी येत नसत. हातात रिकामी पिशवी होती.

‘ठरलं,’ त्या म्हणाल्या. ‘काल फोन आला. येतो म्हणाले लेकीला.’

‘चांगलं झालं.’

‘चांगलं झालं?’

‘तिथं त्यांची नीट देखभाल होईल, तान्हीबाई.’

‘व्हईल की. आन तुमची?’

‘मला काय झालंय?’

तान्हीबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या शिक्क्याकडं. ‘काय न्हाई. मारा शिक्के,’ म्हणाल्या आणि मंडईकडं गेल्या.

रविवारी नलिनीताई टॅक्सी घेऊन आल्या. चाळिशीच्या, सरांसारखंच कपाळ, घाईत असलेल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, ‘तुमच्याबद्दल बाबा सारखं लिहीत असतात. तान्हीबाईंच्या हातून, त्यामुळं निम्मं कळत नाही.’ मी वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून नेली होती. ती शिदोरी त्यांनी टॅक्सीत मांडीवर घेतली. खोल्या वर्षभर तशाच ठेवायच्या, बाबांना तिथं करमलं नाही तर परत यायला जागा असावी, असं त्यांनी घरमालकाशी बोलून ठेवलं होतं.

सर टॅक्सीत मागं बसले. मी खिडकीशी वाकून नमस्कार केला.

‘वह्या इथंच ठेवतोय,’ ते म्हणाले. ‘इंदूरला मित्राचं काम कोण करणार?’

‘तब्येतीला जपा, सर.’

‘जपतो. तुमच्या बुवांना माझा नमस्कार सांगा.’ आणि थोडं थांबून, ‘चांगलं वाचता तुम्ही. एकदाही चुकला नाहीत.’

गाडी वळणावरून गेली तेव्हा माझं मन शांत होतं. आपण चाकापुढं आडव्या पडलो नाही, जाणं सोपं करून दिलं, असं वाटत राहिलं.

मंगळवारी चार वाजता मी तयार होऊन दाराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचताना लक्षात आलं की कुठं जायचं नाही. कुलूप तसंच ठेवून घाटावर जाऊन बसले, पाच वाजेपर्यंत. गुरुवारीही तेच केलं. पुढं पुढं सवय झाली. नदी बघायची आणि पाचाला वाचनालयात जायचं. कीर्तनं चालूच होती. बुवा तेच, पेटी तीच. पण बुवांनी प्रश्न टाकला आणि सगळं देऊळ गप्प बसलं की मला खुर्ची करकरल्याचा भास व्हायचा. कुणीतरी मान तिरकी करून माझ्या उत्तरासाठी थांबलंय असं वाटायचं.

इंदूरहून दोन पत्रं आली, दोन्ही नलिनीताईंच्या हातची. बाबा बरे आहेत, बाहेरच्या खोलीत बसून असतात, फारसं बोलत नाहीत. माघात तिसरं पत्र आलं ते कोपरा फाडलेलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही.

फाल्गुनात नलिनीताई खोल्या रिकाम्या करायला आल्या. मी मदतीला गेले. भांडी तान्हीबाईंना दिली, खुर्ची सायकलवाल्यानं नेली. दुपार उलटल्यावर आम्ही दोघीच उरलो. त्यांनी अकरा वह्यांची चळत माझ्यापुढं ठेवली.

‘या तुम्हाला. बाबांनी सांगून ठेवलं होतं.’

‘मी काय करणार, ताई? तुमच्या घरात राहू दे.’

‘आमच्याकडं कोण वाचणार? तुम्हाला तरी गोडी आहे.’ त्या ट्रंकेवर बसल्या आणि पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, ‘खरं म्हणजे मला वाटलंच नव्हतं ते यायला तयार होतील. दोन वर्षं नाहीच म्हणत होते. त्या शुक्रवारी फोन लावला तोही आशा सोडूनच.’

‘मग?’

‘म्हणाले, येतो. मी म्हटलं, असे एकदम कसे तयार झालात? तर म्हणाले, काल वत्सलाबाईंना विचारलं. त्यांना इथं थांबण्याचं एखादं कारण सांगता आलं असतं तर राहणार होतो. पण त्या म्हणाल्या, बोलायला काही नाही.’ ताई सहज सांगत होत्या, एकीकडं ट्रंकेची कडी बसते का बघत होत्या. ‘मला तर तुमचे उपकार वाटले. तुम्ही अडवलं असतंत तर ते हललेच नसते.’

मी वह्यांवरचा हात काढून घेतला.

‘मी वाचत होते,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘वहीतलं वाक्य होतं ते. त्या मित्राचं. मी वाचत होते, ताई.’

त्यांना कळलं नाही. मी सातवी वही काढली, शेवटचं पान उघडून दाखवलं. त्यांनी ती ओळ वाचली, वरची वाचली, पुन्हा ती वाचली. मग वही मांडीवर उपडी ठेवली. बराच वेळ त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांचं कपाळ सरांसारखं होतं.

‘मग तुम्हाला काय म्हणायचं होतं?’ त्यांनी विचारलं.

पाच वर्षांत सरांनी किती वेळा हाच प्रश्न मला विचारला होता, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता हातात वही नव्हती. मला वेळ लागला. ताई थांबल्या.

‘मोठं काही नाही,’ मी म्हटलं. ‘मंगळवारी आणि गुरुवारी चार वाजता मला कुठंतरी जायचं असतं. तेवढंच सांगायचं होतं.’

‘एवढंच?’

‘एवढंच. हे काही कारण नव्हे, मला ठाऊक आहे. वादात टिकलं नसतं.’

नलिनीताईंनी मान खाली घातली. वही सरळ केली, तिचं दुमडलेलं पान बोटानं सपाट केलं आणि ती माझ्या चळतीवर परत ठेवली.

‘एवढ्यावर थांबले असते ते,’ त्या म्हणाल्या, आणि उठून दाराचं कुलूप कुठं ठेवलंय ते शोधू लागल्या.